गावातले जाळे: वाट किती दिवस पाहायची?



२०२५-२६ च्या हंगामात सीसीआयने हमीभावाने कापूस विकण्यासाठी 'कपास किसान' या मोबाईल ॲपवरची नोंदणी सक्तीची केली. लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये, मध्यम धाग्याचा ७,७१०. हा भाव पदरात पडायचा तर आधी ॲप, ॲपला ओटीपी आणि ओटीपीला रेंज. त्याआधी २०२१ पासून ई-पीक पाहणी आलीच आहे. सातबारावर पेरा लागायचा असेल तर बांधावर उभे राहून उभ्या पिकाचा फोटो काढा, म्हणजे जिथे रेंज मिळायची सगळ्यात कमी शक्यता, नेमके तिथेच मोबाईल काढायचा. १९७२ साली एकाधिकार खरेदी सुरू झाली तेव्हा शेतकरी बैलगाडी घेऊन केंद्रावर टोकनच्या रांगेत मुक्कामाला असायचा. आता रांग दिसत नाही एवढेच. माणूस टेकडीवर किंवा टाकीवर चढून मोबाईल आभाळाकडे धरून उभा असतो.

शेतकऱ्याने जाळ्यात यायचे हे सरकारने परस्पर ठरवून टाकले. जाळे शेतापर्यंत, निदान गावापर्यंत न्यायचे कोणी, याचे उत्तर मात्र 'योजना सुरू आहे' एवढेच मिळते. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याची योजना मंजूर केली. अडीच लाखांच्या आसपास ग्रामपंचायतींपर्यंत काचेची तार न्यायची होती. २०१५ मध्ये तिचे नाव बदलून भारतनेट झाले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये सुधारित योजना म्हणून आणखी १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर झाले. हा पैसा कोणाच्या घरचा? टेलिफोन कंपन्यांच्या उत्पन्नातून पाच टक्के वर्गणी ग्रामीण सेवेच्या निधीसाठी कापली जाते, आणि कंपन्यांचे उत्पन्न म्हणजे तुम्ही-आम्ही दर महिन्याला मारतो तो रिचार्ज. म्हणजे पैसा आपला, तार आपल्या गावातून गेलेली. आणि ग्रामपंचायतीच्या कुलुपबंद खोलीत एक पेटी भिंतीला टांगलेली. तिचा दिवा हिरवा आहे की लाल, हे बघून काही करू शकेल असा एकही माणूस कित्येक गावांत नाही.

मेळघाटातले हरिसाल आठवा. २०१६ साली राज्यातले पहिले डिजिटल गाव म्हणून त्याचा गाजावाजा झाला. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत त्याच गावाची चित्रफीत राज ठाकरे यांनी सभांतून दाखवली आणि राज्यभर वाद झाला. कोण खरे, कोण खोटे हा राजकारण्यांचा प्रश्न, त्यात मला रस नाही. मला रस आहे तो एवढ्यात, की बाहेरून आणून बसवलेली यंत्रे बिघडली की ती पुन्हा उभी करणारा हात गावात असतो की नसतो. नसेल तर दिल्लीहून या की मुंबईहून, गाव पुन्हा जिथल्या तिथे.

म्हणून या लेखात योजनेची मागणी नाही. मागण्या आपण पुष्कळ केल्या. सांगायचे आहे ते वेगळेच: हे काम आपल्या पोरापोरींनी शिकून घ्यावे. ते कठीण नाही, आणि मोटार वाइंडिंग करणाऱ्या पोराला तर मुळीच कठीण नाही.

इतिहास पाहा. १९९१ च्या आखाती युद्धानंतर केबल टीव्ही देशभर पसरला तो कोणत्या योजनेतून? कोणी छतावर डिश बसवली, कोणी पत्र्याच्या खोलीत यंत्रे मांडली, विजेच्या खांबावरून तार ओढली आणि घराघरांत चित्र गेले. बहुतेकांकडे कसलीही पदवी नव्हती, एकमेकांचे पाहून शिकलेली माणसे. केबलचा कायदा आला १९९५ साली, तोवर केबल गल्लीबोळांत पोचून जुनी झाली होती. सरकार मध्ये आले नाही म्हणून जे झाले, ते सरकारने करायला घेतले असते तर आजही 'सर्वेक्षण प्रगतिपथावर' असते.

आता मुद्द्याची गोष्ट. स्विच म्हटले की आपल्याला भिंतीवरचे बटण आठवते. हा स्विच वेगळा. पाच, आठ किंवा सोळा खाचांची एक छोटी पेटी, प्रत्येक खाचेत एक तार, तारेच्या दुसऱ्या टोकाला संगणक, कॅमेरा किंवा प्रिंटर. काम डाकघरातल्या टपाल वर्गवारीचे. (शरद जोशी शेतीत येण्याआधी टपाल खात्यात आणि नंतर बर्नच्या जागतिक टपाल संघटनेत होते, त्यांना हे एका वाक्यात समजावता आले असते.) प्रत्येक यंत्राला कारखान्यातच एक पत्ता दिलेला असतो, बारा अक्षरांचा. एखाद्या यंत्राकडून निरोप आला की स्विच आधी पाठवणाऱ्याचा पत्ता वाचतो आणि स्वतःच्या वहीत लिहून ठेवतो: हा पत्ता तीन नंबरच्या खाचेवर. मग कोणाकडे जायचे ते पाहतो. तो पत्ता वहीत असेल तर निरोप फक्त त्याच खाचेतून जातो. नसेल तर सगळ्या खाचांतून दवंडी पिटतो; ज्याचा निरोप तो उत्तर देतो आणि त्या उत्तरावरून त्याचाही पत्ता वहीत चढतो. काही मिनिटे कोणी बोललेच नाही तर त्याची नोंद खोडली जाते. बस, इतकेच. कोणी न शिकवता ही पेटी आपली आपण शिकते.

पूर्वी स्विचच्या जागी हब असायचा. हब म्हणजे नुसती दवंडी. एकाचा निरोप सगळ्यांना, आणि दोघे एकदम बोलले की दोघांचेही वाया. १९९० च्या सुमाराला पहिला इथरनेट स्विच बाजारात आणणाऱ्या अमेरिकन कंपनीचे नाव होते 'कल्पना'. विनोद भारद्वाज हे तिचे एक संस्थापक. १९९४ मध्ये सिस्कोने ती विकत घेतली. आज जगातल्या प्रत्येक बँकेत, विमानतळावर जी पेटी आहे तिच्या वंशावळीत एक मराठी घरातही शोभेल असे नाव आहे, हे आपल्या पोरांना सांगायला हरकत नाही.

स्विचचा एक रोग सांगून ठेवतो, कारण शिकाऊ माणसाला तो हमखास भेटतो. एकाच तारेची दोन्ही टोके त्याच स्विचमध्ये खुपसली, किंवा दोन स्विच दोन तारांनी जोडले, की दवंडी गोल फिरू लागते. एकाची दोन, दोनाच्या चार, आणि क्षणात सगळे जाळे बंद. सगळे दिवे मात्र जोरात लुकलुकत असतात, त्यामुळे बघणाऱ्याला वाटते काम झकास चालले आहे. यावरचा इलाज राडिया पर्लमन या बाईंनी १९८५ साली शोधला. स्विच आपापसात बोलून गोल फिरणारा रस्ता स्वतःच बंद करतात आणि जाळ्याचे झाड करतात: एक बुंधा, फांद्या, पण फांदीला फांदी कुठे जुळलेली नाही. हजार-पाचशेच्या स्विचमध्ये ही सोय नसते. तिथे इलाज एकच, एकेक तार काढून पाहणे.

तारेचेही सांगितले पाहिजे. आत आठ तारा, चार जोड्या. एका टोकाला पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी असा क्रम लावला तर दुसऱ्या टोकालाही तोच. एका तारेची लांबी शंभर मीटरपेक्षा जास्त नको, त्यापुढे मध्ये स्विच लावा. आणि बाजारात बोगस बियाणे असते तशी बोगस केबलही असते: ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. ब्लेडने खरवडा, आत पांढरे दिसले तर परत करा. अशा तारेतून छतावरच्या यंत्राला वीज पाठवली तर तार तापते आणि यंत्र मध्येच मान टाकते. पाकिटावरचे नाव पाहून बियाणे घेऊन काय होते ते आपल्याला कोणी सांगायला नको.

'पण इंटरनेटच नाही तर या जाळ्याचे करायचे काय?' असा प्रश्न येईल. इथेच मोठा गैरसमज आहे. गावातले जाळे इंटरनेटवाचून चालते. जिनिंगच्या आवारात वजनकाटा, ग्रेडरचे टेबल आणि पावती फाडणारा कारकून हे एका स्विचवर असतील, तर काट्यावर पडलेले वजन त्याच क्षणी फाटकाजवळच्या पडद्यावर सगळ्यांना दिसू शकते. त्याला दिल्लीची परवानगी लागत नाही आणि कंपनीचा रिचार्जही लागत नाही. काट्याच्या खोलीत काय आकडा पडला आणि पावतीवर कोणता उतरला, यावरून आयुष्यभर भांडलेल्या माणसांना या पडद्याची किंमत वेगळी समजावण्याची गरज नाही. बाजार समित्यांकडे आपण हीच मागणी केली पाहिजे, आणि 'तंत्र अवघड आहे, खर्च फार येतो' असे सचिव म्हणाले तर त्यांच्यासमोर आठ खाचांचा स्विच ठेवणारा आपला पोरगा हवा.

आता बिनतारी. वायफाय म्हणजे रेडिओच, फक्त दोन्हीकडून बोलणारा. नियम ग्रामसभेचा: एका वेळी एकानेच बोलायचे, आधी कान द्यायचा, कोणी बोलत नसेल तरच तोंड उघडायचे. सभेच्या दोन टोकांना बसलेले दोघे एकमेकांना ऐकू शकत नाहीत, पण मधल्या अध्यक्षाला दोघांचेही ऐकू येते. दोघे एकदम बोलू लागतात आणि अध्यक्षाला काहीच कळत नाही. बिनतारी जाळ्यात नेमके हेच होते, म्हणून एका यंत्रावर पन्नास घरे लादली की ते रडते. जुन्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांच्या वाटेत न येणाऱ्या वाहिन्या तीनच: १, ६ आणि ११. गल्लीत चौथ्याने वायफाय लावले की कोणाच्या तरी बांधावर पाय पडणारच.

दोन गावे जोडायची तर ५ गिगाहर्ट्झचा पट्टा आणि एकमेकांकडे तोंड केलेल्या दोन अँटेना. एका टोकाहून दुसरे टोक दिसले पाहिजे, पण नुसते दिसून भागत नाही. रेडिओची वाट दोरीसारखी सरळ बारीक नसते, मृदंगासारखी असते: टोकांना निमुळती, मध्ये फुगलेली. पाच किलोमीटरच्या अंतरावर ५.८ गिगाहर्ट्झला मध्यावर या मृदंगाची त्रिज्या आठ मीटर भरते. त्यातला निदान साठ टक्के भाग, म्हणजे नजरेच्या रेषेखाली जवळपास पाच मीटर, मोकळा हवा. शहरातून आलेला माणूस फाल्गुन-चैत्रात येतो. पळस उघडा, साग उघडा, सगळे आरपार दिसते. तो जोडणी देतो, फोटो काढतो, निघून जातो. आषाढात झाडांना पाने फुटतात. पान म्हणजे पाणी आणि पाणी हे लहरी पिऊन टाकते. जोडणी मेली. कोणते झाड कधी किती भरते हे ज्याला जन्मापासून ठाऊक आहे, त्याने अँटेनाची जागा ठरवली असती तर हे घडले नसते. शेतात ओल मोजणारी यंत्रे कमरेइतक्या उंचीवर बसवणाऱ्यांनाही हाच सल्ला: ज्वारी पोटरीत आली की ती माणसाला झाकते, तुमच्या यंत्राचे काय घेऊन बसलात!

हे सारे हवेतले बोलणे नाही. आपल्याच राज्यात पालघर जिल्ह्यात मुंबईच्या आयआयटीने 'ग्राममार्ग' प्रकल्पात टीव्हीच्या रिकाम्या लहरी आणि ५.८ गिगाहर्ट्झ वापरून पंचवीसेक गावे जोडून दाखवली. २०१७ मध्ये त्या कामाला मोझिलाचे बक्षीस मिळाले. धरमशाळेला डोंगरातून 'एअरजाल्दी'ने २००५ पासून जाळे उभे केले, अँटेनाला लोंबकळणाऱ्या माकडांसकट. इंग्लंडच्या लँकेशायरमध्ये कंपन्या येईनात तेव्हा २०११ साली शेतकऱ्यांनी आणि गावकऱ्यांनी आपलीच संस्था काढली, आपल्याच शेतांतून आपल्याच यंत्रांनी चर खणले आणि हजार मेगाबिटची काचेची तार घराघरांत नेली. सुरुवातीचा दर महिना ३० पौंड. वाटेतल्या जमीनमालकांनी बांधावरून तार फुकट जाऊ दिली, म्हणून हे परवडले. आपल्याकडे पाणंदीवरून दोन पिढ्या कोर्टात जातात, तेव्हा ही तार कोणाच्या बांधावरून जाणार हा प्रश्न मी सोपा धरत नाही.

सगळ्यात शिकण्यासारखे उदाहरण तामिळनाडूतल्या थेनीचे. तिथे अरविंद नेत्र रुग्णालयाने खेड्यांतल्या तपासणी केंद्रांना पंधरा किलोमीटरपर्यंत लांब वायफायने जोडले. डॉक्टर थेनीत आणि रोगी आपल्या गावात. बर्कली विद्यापीठाच्या ज्या मंडळींनी हे तंत्र बसवले त्यांनी नंतर प्रामाणिकपणे लिहिले की रेडिओचा त्रास कमीच झाला. यंत्रे मेली ती खेड्यातल्या वाईट विजेने, कधी दाब चढलेला, कधी पडलेला. आणि जाळे टिकले ते स्थानिक माणसे दुरुस्ती शिकली तेव्हा. दाब कसा चढतो-पडतो आणि मोटार कशी जळते, या विषयात आपण सगळे पदवीधरच आहोत. म्हणून यंत्राला चांगले अर्थिंग, दाब सांभाळणारे साधन आणि बॅटरी हवी. फवारणीच्या पंपात १२ व्होल्ट ८ ॲम्पियर-तासाची बॅटरी असते. पाच वॅटचा छोटा स्विच तिच्यावर रात्रभर चालू शकतो. मात्र आधी स्विचवर किती व्होल्ट लिहिले आहे ते वाचा. काही पाचावर चालतात, काही नवावर, बाराची तार लावली की धूर. आणि एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत तांब्याची तार उघड्यावरून नेऊ नका. पावसाळ्यात वीज कडाडली की दोन्हीकडची यंत्रे एकदम जातात. तिथे काचेची तार किंवा बिनतारी.

परवान्याची भीती पुष्कळांना असते. लायसेन्स-परमिटच्या राज्याने ती हाडात भिनवली आहे. तर सांगतो. २००५ च्या जानेवारीत २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा उघड्यावर वापरण्यासाठी परवानामुक्त झाला आणि २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग. शक्तीची मर्यादा पाळायची आणि मान्यताप्राप्त यंत्र घ्यायचे, एवढी अट. कुंपणाच्या आत स्वतःचे जाळे घालायला कोणाला विचारावे लागत नाही. दुसऱ्याला इंटरनेट विकायचे मात्र परवान्याशिवाय नाही. त्यातूनही २०२० च्या डिसेंबरमध्ये पीएम-वाणी योजनेने एक दार उघडले: गावातला किराणा दुकानदार मान्यताप्राप्त संस्थेशी जोडून घेऊन परवाना, नोंदणी आणि फी काहीही न देता वायफाय विकू शकतो. कंपन्यांनी यालाही खोडा घातला. घरगुती जोडणी नाकारून महागडी व्यापारी जोडणी गळ्यात मारू लागल्या. म्हणून २०२५ च्या जूनमध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाला आदेश काढावा लागला की २०० मेगाबिटपर्यंतच्या जोडणीला घरगुती दराच्या दुपटीहून जास्त घेता येणार नाही. हा आदेश छापून खिशात ठेवा, उपयोगी पडेल.

संघटनेतलेच काही जण म्हणतात, कापसाला भाव नाही, बियाण्यावर बंदी, आणि हे काय वायफायचे खूळ? त्यांचा राग मला समजतो. स्विचने कापसाचा भाव एक रुपयानेही वाढणार नाही, असे कोणी सांगत असेल तर तो विक्रेता आहे असे समजा. पण तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य आपण मागतो ते फक्त बियाण्यापुरते नाही. २०१९ च्या जूनमध्ये अकोली जहांगीरला शेतकऱ्यांनी बंदी घातलेले बियाणे उघडपणे पेरले, तेव्हा कोणते तंत्र वापरायचे हे शेतकरी ठरवील, असेच आपण म्हटले होते. इथे तर बंदीही नाही. दार उघडे आहे आणि आपणच उंबऱ्याबाहेर बसलो आहोत. उद्या खरेदी, पीकविमा, कर्जमाफी, सातबारा सगळे जाळ्यातूनच होणार असेल, तर जाळ्याची गाठ ज्याच्या हातात त्याच्या हातात आपली मान.

म्हणून जिल्हा बैठकीसमोर माझा प्रस्ताव आहे. प्रत्येक तालुक्यातून दोन जण निवडावे, त्यातली एक मुलगी असावी. चांदवडचा वारसा सांगणाऱ्यांनी यात हयगय करू नये. ज्वारीची सुगी आटोपल्यावर आठ दिवसांचे शिबिर घ्यावे. पहिले तीन दिवस फक्त तार: कापणे, क्रम लावणे, दाबणे, तपासणे, पुन्हा कापणे. मग दोन दिवस स्विच, आणि मुद्दाम गोल जोडून जाळे पाडायचे व शोधून काढायचे. शेवटचे तीन दिवस छतावर आणि टेकडीवर. शिकण्यापुरती केबल, जोडटोके, दाबण्याची पक्कड, तपासणीचे यंत्र, एक स्विच आणि एक साधे वायफाय, हे सगळे मिळून एका क्विंटल कापसाच्या हमीभावात बसते. लांब पल्ल्याच्या दोन अँटेनांचे दहा-पंधरा हजार मात्र जिल्ह्याने वर्गणीतून घालावे, ते शिबिरांतून फिरत राहतील. शाळांत आणि बँकांत जुने स्विच भंगारात पडलेले असतात, ते मागून आणावे.

बैठकीला येताना प्रत्येक गावच्या कार्यकर्त्याने एक काम करून यावे. ग्रामपंचायतीतली भारतनेटची पेटी उघडून घ्यावी, आत किती दिवे आहेत, कोणते लागले आहेत, वीज कुठून घेतली आहे आणि किल्ली कोणाकडे असते, हे कागदावर लिहून आणावे. किल्ली सापडली नाही तर तेही लिहावे.